रस्ता कुठल्या खात्याचा

बाबा आयर्लंडला आले आणि सामान उघडायच्या आधी त्यांनी विचारलं, "इथला कलेक्टर कुठे बसतो?"

बाबा तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. मी ताईकडेच राहते. तिच्या घरासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे भाचीची शाळा. गाड्या सुसाट सुटतात आणि ओलांडायला पट्टे नाहीत. एका गाडीचा आरसा भाचीच्या दप्तराला लागून गेला होता. थोडक्यात वाचली पोर. ताई पहाटेच ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलात ड्युटीवर जाते, म्हणून भाचीला पलीकडे नेणं आता बाबांकडे. आम्हांला पांढरे पट्टे हवे होते. बस.

"इथे कलेक्टर नसतो, बाबा."

"मग जिल्हा कोण चालवतं?"

"खाती."

"आणि खात्यांच्या वर? साहेब असणारच गं कुणीतरी. शिष्टमंडळ नेऊ. शाल आहे माझ्याकडे, नारळ इथे मिळतो."

साहेब! या शब्दावर मी पत्रकं छापून वाटली आहेत. मुंबईत इंग्रजांनी महसूल, न्याय, बांधकाम अशी खाती पाडली. प्रत्येकाला सचिव दिला आणि सगळ्या सचिवांची तोंडं गव्हर्नरकडे. रयतेकडे सगळ्यांची पाठ. जिल्ह्यात मात्र सगळं एका कलेक्टरच्या मुठीत: सारा तोच घेणार, खटला चालवून तुरुंगातही तोच टाकणार. इथे डब्लिनच्या किल्ल्यातून त्यांनी बोर्डांवर बोर्डं, म्हणजे सरकारी मंडळं, बसवली. एका बोर्डाचा दुसऱ्याला पत्ता नाही आणि लोकांना जबाब द्यायला एकही बांधील नाही. तिकडे एका साहेबापुढे वाकायची सवय लावली, इकडे दारोदार फिरायची. इंग्रज गेले, खोड राहिली.

"भाषण झालं?" बाबा म्हणाले. "चहा टाक."

शेवटी शिष्टमंडळ गेलंच. म्हणजे बाबा आणि मी. कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, काउंटरवरचा माणूस गोड हसला. हा रस्ता आमच्याकडे नाही, रस्ते प्राधिकरणाकडे आहे. तिथला युवर मॅन, म्हणजे तिथला कुणी माणूस, बघेल, ग्रँड होईल सगळं. प्राधिकरण फोनवर म्हणालं, वेगाचा प्रश्न पोलिसांचा. पोलीस म्हणाले, रंग मारणं कौन्सिलचं काम. पुन्हा तोच काउंटर. बाबांनी शाल उलगडली आणि नारळ पुढे ठेवला. माणूस लालबुंद झाला. म्हणाला, भेटवस्तूंचा विषय दुसऱ्या विभागाकडे आहे.

बाहेर आल्यावर मी भडकले. "लाज वाटते मला! हक्क मागायला आलोय की नवस फेडायला?"

"आणि तुझ्या पत्रकांनी किती पट्टे आले?"

नारळ मी बसमध्ये मांडीवर धरून आणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा स्वेटरवर स्वेटर घालून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी ती लाल शाल दोन्ही हातांनी पसरून धरली. गाड्या थांबल्या. भाची निवांत पलीकडे गेली, तिच्यामागून शेजारची चार पोरं. "आजोबा, दॅट वॉज क्लास!" ती पलीकडून ओरडली.

त्याच दुपारी पिवळ्या जॅकेटातला एक अधिकारी दारात हजर! पट्ट्यांसाठी जे खातं कुणाला सापडत नव्हतं, ते एका म्हाताऱ्याला हटवायला जेवायच्या वेळेपर्यंत सापडलं.

"वाहतूक अडवायचा तुम्हांला अधिकार नाही," तो म्हणाला.

बाबा मला म्हणाले, "विचार त्याला, कुठल्या खात्याचा."

मी विचारलं.

"रस्ते. कौन्सिल."

"म्हणजे रस्ता तुमचाच," मी म्हणाले. "मग पट्टे?"

तो व्हॅनकडे बघायला लागला. म्हणाला, त्याचा विभाग वेगळा.

बाबांचा व्हिसा संपला, ते परत गेले. पट्टे आलेले नाहीत. सकाळी शाळेच्या वेळेला शाल माझ्या हातात असते. आता शेजारच्या दोन आयाही येतात, आणि पिवळं जॅकेट आलं की आम्ही तिघी आधी त्याचं खातं विचारतो.