वजन बरोबर होतं

धोंडिबानं अठ्ठावीस वर्षं ट्रक चालवला आणि एकदाही जादा माल भरला नाही, यावर वाळूजच्या ट्रान्सपोर्टवाल्यांचा विश्वास बसत नसे. बसला की ते हसत. जादा माल म्हणजे मालकाला जादा भाडं आणि ड्रायव्हरला वरकमाई, हे शेंबडं पोरही सांगेल. पण हा गडी माल भरून झाला की गाडी आधी वजनकाट्यावर घालायचा. पासिंगपेक्षा, म्हणजे कायद्यानं त्या गाडीला ठरवून दिलेल्या वजनापेक्षा, दोन पोती जरी जास्त निघाली तरी उतरवायला लावायचा. हमाल शिव्या द्यायचे. शिव्यांना वजन नसतं, असं म्हणून तो बिडी पेटवायचा.

हे वेड बापाकडून आलेलं. गावाकडं त्यांचं घर माळवदाचं, मातीच्या सपाट छताचं. पावसाळ्याच्या तोंडावर वर पांढरी माती पसरायला बाप धोंडिबाला आणि धाकट्या रामकिसनला चढवायचा आणि खालून ओरडायचा, "एका जागी उभं राहू नका रे. लांब लांब उभं राहा. तुळईवर दोघांचा भार एकदम नको." पुढं ट्रकवर आल्यावर धोंडिबाला कायदा समजून घ्यायला कुणाची शिकवणी लागली नाही. नुसतं एकूण वजन बघून भागत नाही, प्रत्येक एक्सलवर, म्हणजे चाकांच्या आसावर, किती भार आला तेही बघावं लागतं. दोन एक्सल जवळजवळ असले की कायदा त्यांची जोडी धरतो आणि लांब असलेल्या दोन एक्सलांपेक्षा जोडीला थोडं कमीच वजन देतो, कारण लहान पुलावर ते दोन्ही पाय एकदमच पडतात. "पूल म्हंजी बी माळवदच की," असं तो नव्या ड्रायव्हरांना सांगायचा.

रामकिसनला त्यानंच गाडी शिकवली. रामकिसन बारा वर्षांनी धाकटा, हसरा, कुठल्याही ढाब्यावर गेला तरी चार ओळखी निघणारा. धोंडिबा नाकासमोर चालणारा, तर हा वाटेत सगळ्यांना नमस्कार करत चालणारा. डोळ्यांनी दगा दिल्यावर धोंडिबानं स्वतः चालवत होता ती मालकाची दहाटायरी गाडी भावाच्या हाती दिली आणि मालकाला शब्द टाकला, "माझा भाऊ हाय. माझ्यावानीच चालवील."

तशी त्यानं चालवली नाही. दोन हजार अठराच्या उन्हाळ्यात मालकानं जालन्याहून सळया भरल्या. गाडीचं पासिंग पंचवीस टनांचं, भरल्यावर झाले सत्तावीस. मियाँ मूठभर, दाढी हातभर. रामकिसनला दिसत होतं, पण नाही म्हणणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. वाटेत गाडी तपासणीला लागली. मालकानं हात झटकले, ड्रायव्हरनंच भरलं असेल म्हणाला, आणि रामकिसनचं लायसन तीन महिन्यांसाठी गेलं.

तो गारखेड्याला भावाच्या घरी आला तेव्हा त्याला फक्त घोटभर चहा आणि दोन शब्द हवे होते. धोंडिबानं त्याला उंबऱ्यातच धरलं. रामकिसनची बायको सुरेखा सोबत होती, पोरगा शिवम होता, शेजारीपाजारी होते. त्या सगळ्यांसमोर धोंडिबा म्हणाला, "दोन टनासाठी माझ्या शब्दाला बट्टा लावलास. माझा भाऊ म्हणून कुटं सांगू नकोस." भामाबाई, त्याची बायको, हातात चहाची कपबशी घेऊन तशीच उभी राहिली. बोलणाऱ्याला आपण किती बोललो ते कळत नाही, कारण तोंडाला काटा लावलेला नसतो.

पुढं झालं ते नशीबच म्हणायचं. त्याच जुलैत सरकारनं ट्रकांची वजनमर्यादा वाढवली. दहाटायरीला पंचवीसचे साडेअठ्ठावीस टन झाले. जुन्या गाड्यांचं काय, यावर बरीच उलटसुलट चर्चा झाली, पण लायसन सुटेपर्यंत मालकाच्या गाडीचे नवे कागदही होऊन आले. रामकिसन पेढे घेऊन गारखेड्याला आला. दारातूनच हसत म्हणाला, "दादा, तीच गाडी, तेच सत्तावीस टन, आन आज कायद्यात बसतंय बघ. आता तरी म्हन की, राम्या, तुझं वजन बरोबर व्हतं."

"कायदा बदलला," धोंडिबा म्हणाला. "गाडीचे ब्रेक बदलले का? घाट बदलला का?"

"लई नको रे. येवडं येकच म्हन."

धोंडिबानं तोंड फिरवून बिडी पेटवली. रामकिसननं पेढ्यांचा पुडा खिडकीत ठेवला, वहिनीच्या पाया पडला आणि गेला. पेढे भामाबाईनं गल्लीत वाटून टाकले.

त्यानंतर चार वर्षं भाऊ भावाशी बोलला नाही. लग्नाकार्यात समोरासमोर आले तरी निरोप शिवमच्या तोंडून जायचे. रामकिसन नव्या वजनानं गाडी चालवत राहिला आणि त्याला काही झालं नाही. रोज गाडी सुखरूप परत यायची आणि रोज धोंडिबा थोडा खोटा ठरायचा. खरं सांगायचं तर मनातून त्याला ते बरंच वाटायचं. रात्री अंथरुणावर पडल्यावर तो भामाबाईला विचारायचा, "आली का राम्याची गाडी?" ती सुरेखाला फोन करून विचारायची, आली म्हटल्यावर हा कूस बदलून झोपायचा. पण स्वतः फोन उचलून चार शब्द बोलणं त्याला जमलं नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, आणि इथं तर सुंभही जळायचा बाकी होता.

एका हिवाळ्यातल्या पहाटे सुरेखाचा फोन आला. अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूरला पोचायच्या आत गाडी वळणावर सरळ गेली होती. ब्रेक तापले असतील, डुलकी लागली असेल, समोर जनावर आलं असेल. बघणारं कुणीच नव्हतं. वजन कायद्यात होतं. एवढं मात्र सगळ्यांना माहीत होतं, आणि जो तो धोंडिबाला येऊन तेच सांगत होता. त्याचंच खरं ठरलं असं मनात आलेली माणसंही होती, पण ती बोलली नाहीत. ते खरं धोंडिबानं कुठल्याही खोट्याच्या बदल्यात देऊन टाकलं असतं.

दहाव्याला सगळे कायगावला गोदावरीकाठी गेले. आदल्या नऊ दिवसांत धोंडिबानं एकच काम केलं होतं, या घडीची मनातल्या मनात उजळणी. पिंडाला कावळा शिवला नाही की नातेवाईक एकेक करून पुढं येतात आणि गेलेल्याच्या मनात राहिलं असेल ते पुरवायचा शब्द देतात. रामकिसनच्या मनात काय राहिलंय ते धोंडिबा आणि भामाबाई सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. सुरेखाचा भाऊ सर्जेराव म्हणेल, पोरांना सांभाळतो. आणखी कुणी काही म्हणेल. कावळा काही शिवायचा नाही. मग आपण पुढं व्हायचं, हात जोडायचे आणि सगळ्यांसमोर म्हणायचं, राम्या, तुझं वजन बरोबर होतं. जे उंबऱ्यात चारचौघांत बोललो ते इथं चारचौघांत परत घ्यायचं. एरवी देवालासुद्धा न मागणारा माणूस त्या दिवशी कावळ्यानं थोडा उशीर करावा म्हणून मागत होता.

शिवमनं पिंड मांडला, पाणी सोडलं. सगळे मागं सरकले. धोंडिबानं चपला काढून ठेवल्या.

लोक मागं सरून उभे राहतायत तोच पिंपळावरून कावळा उतरला आणि सरळ पिंडावर बसून त्यानं घास उचलला. पाठोपाठ दुसरा आला.

"शिवला बाई," एक म्हातारी म्हणाली. "काय सुदिक राहिलं नव्हतं बघा त्याच्या मनात. कुनाशी काय वाकडं न्हाई." सुरेखानं पदर तोंडाला लावला आणि दहा दिवसांत पहिल्यांदा मोकळी होऊन रडली.

धोंडिबाचे हात अर्धवट जोडलेलेच राहिले. रामकिसनचं काही राहिलं नव्हतं. राहिलं होतं ते याचं, आणि जिवंत माणसाचं राहिलेलं फेडायला कावळा बोलवायची रीत नाही. लोक धोतरं झटकून गाड्यांकडं निघाले. भामाबाई त्याच्या चपला घेऊन शेजारी येऊन उभी राहिली.

तो पाण्याकडं तोंड करून ते वाक्य एकदा म्हणाला. वर पुलावरून तेव्हा एक भरलेली गाडी चालली होती, त्यामुळं ते भामाबाईलाही ऐकू आलं नाही.