हँडलासाठी पाडलेली भिंत

शालू, हातातलं काम बाजूला ठेव आणि जरा अशी जवळ सरक. लांबूनच सरक म्हणा, कारण तू येत तर नाहीस. पुण्याला गेल्यापासून काकूच्या वाट्याला तुझं एकच वाक्य येतं, "आत्ता कामात आहे, रात्री करते." त्या रात्रीची वाट पाहून पाहून मीच आता लिहायला बसले. तुझ्या बाबांबद्दल लिहिते आहे. त्यांच्याबद्दल एक गोष्ट तुला ठाऊक नाही, आणि तुझ्या आईला तर मुळीच ठाऊक नाही.

तुझे बाबा म्हणजे माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ; मोटारसायकल चालवत ते हात पसरून. दुरून बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस समोरून येणाऱ्या रस्त्याला कवेत घ्यायला निघालाय. तरुणपणी शंकरपटाचे शौकीन, बैलांची जोडी पळवलेली. नवी गाडी दारात आली तेव्हा सगळ्यांनी रंग पाहिला, यांनी हँडल पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. म्हणाले, "बैल घेताना शिंग पाह्यता ना? मंग गाडीचं काऊन नाई पाह्यत?" कंपनीचं हँडल त्यांना शिंगं मोडलेल्या बैलासारखं वाटलं. आठवड्याच्या आत गडचिरोलीहून उंच, रुंद, दोन्हीकडे फाकलेलं हँडल बसवून आले. वायर आखूड पडली म्हणून क्लच तेवढा रडायचा. यांच्या मते गाडी हसत होती.

मग लक्षात आलं की हँडल अंगणाच्या फाटकातून आत येत नाही. दुसऱ्या कोणी हँडल बदललं असतं. यांनी भिंत पाडली. फाटकाचा एक खांब उखडून चांगला तीन हात पलीकडे रोवला, बांबूची ताटी नवी विणून घेतली, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले की घराला मोकळी हवा पाहिजे. तुझी आई म्हणाली, "हवेले एवढी जागा लागते, हे आजच समजलं."

ते हँडल वाईट होतं असं नाही हो. बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेताच्या कडेने, चिखलातून, मुरुमाच्या रस्त्यावर गाडी अशी हलकी वळायची की बोटाने वळवावी. शिवाय सामान टांगायला जागा भरपूर. चामोर्शीच्या बाजारातून परत येताना हँडलाच्या एका टोकाला उलट्या कोंबड्या, दुसऱ्याला सांभाराची, म्हणजे तुमच्या पुण्याच्या कोथिंबिरीची जुडी. एवढं लांब हँडल, त्यात एका बाजूला सगळं वजन, आणि कोंबड्यांनी फडफड केली की तेही त्यांच्याबरोबर फडफडायचं. एकदा तुझे आईबाबा दोघं सरळ धानाच्या बांधीत उतरले. तुझ्या बाबांनी चिखल झटकला आणि दोष सांभाराला दिला, फार हलका निघाला म्हणून. पुढच्या बाजारी सांभाराच्या बाजूला एक भोपळा टांगला. हँडलावर शब्द येऊ दिला नाही.

आता आमच्यातली रीत तुला माहीत आहे. भासरे आणि धाकटी भावजय थेट बोलत नाहीत. मी डोक्यावर पदर घेऊन आडोशाला व्हायचं आणि त्यांनी जे सांगायचं ते अंगणातल्या शेळीला सांगायचं. "चिंगे, च्या झाला असन तं पाठव." मीही उत्तर चिंगीलाच द्यायची. घरातली सगळी खबर त्या शेळीला असायची. तिला विकायचं निघालं तेव्हा भासरे आणि मी, दोघंही सारखेच घाबरलो होतो.

वय झालं आणि हँडलाने सूड उगवला. मोठ्या रस्त्यावर हात उंच आणि छाती उघडी, म्हणजे वारा सगळा अंगावर. बाजूने ट्रक गेला की गाडी डोलायची. खांदा धरला. बोटांना मुंग्या यायच्या, घरी आले की हात खाली घ्यायला वेळ लागायचा. डॉक्टरांनी सांगितलं, हँडल खाली घ्या, अंगाजवळ घ्या, नाहीतर गाडी सोडा. गाडी सुटली तर तुझ्या आईचा बाजार सुटणार होता. गुडघ्यांमुळे तिला एसटीच्या पायऱ्या चढवत नव्हत्या, आणि वांग्याची टोपली घेऊन चामोर्शीत बसणं हे तिचं एकच ठिकाण होतं, जिथे ती कोणाची बायको, कोणाची आई नव्हती. हे त्यांना कळत होतं. पण हँडल उतरवणं म्हणजे म्हातारा झालो असं गावाला सांगणं, आणि ते काही तोंडातून निघेना.

एका सकाळी टोपली भरता भरता तुझी आईच बोलली. "मले मांगं बसायले भेव लागते जी. तुमचे हात एवढे वर, मी पकडू कुठी? हँडल खाली घ्या, नाई तं माहा बजार बंद."

भासरे खूप रागावले. रागारागातच त्याच दिवशी जाऊन कंपनीचं जुनं हँडल बसवून आले. गावभर सांगितलं, काय करता, बाईमाणूस भित्रं. आता वळवायला जोर लागते, अशी तक्रारही करायचे. पण कोपरं अंगाशी आली, खांदा निवला, बाजार चालू राहिला. तुझी आई माझ्या कानाशी येऊन हसली. म्हणाली, "मी कशाले भिऊ? त्यांचा हात पाहवत नव्हता."

हे तुला आईकडून कळलंही असेल. पुढचं मात्र माझ्याजवळच आहे. त्याच आठवड्यात मी भांडी घासत होते. भासरे चिंगीला पाला टाकायला आले आणि जरा जास्त वेळ उभे राहिले.

"चिंगे," ते म्हणाले, "शालूच्या मायले भेवबिव काई लागत नाई. माहा खांदा पाहून बोलली ते. मले समजलं, हे तिले समजू देजो नोको."

चिंगीने काय करायचं ते केलं, पाला खाल्ला. मी तिच्यातर्फे "बरं" म्हटलं.

भासरे गेले, त्याला आता वर्ष होत आलं. दिवसकार्य आटोपून तू गेलीस ती गेलीस. रुंद हँडल गोठ्यात खुंटीला टांगलेलं आहे, तुझी आई त्यावर लुगडं वाळत घालते. मधूनच म्हणते, कसं फसवलं होतं मी त्यांना. एवढंच म्हणून हसते. मी काही बोलत नाही. शब्द दिलाय ना, शेळीच्या नावाने का होईना.

ती तुझी वाट पाहते, पण तोंडाने म्हणायची नाही. त्या दोघांचं तसंच होतं. तू म्हणतेस, आमची चारचाकी त्या गल्लीत कुठे ठेवायची? अगं, फाटक तुझ्या बाबांनी केव्हाच मोठं करून ठेवलंय. थेट अंगणात घाल गाडी. लवकर ये.