खिडकीमागची आत्या

जगातलं कुठलंही काम एक्सेलच्या शीटवर बसवता येतं, आणि जे बसत नाही ते करायच्या लायकीचंच नाही, असं मनापासून मानणारा माणूस मी एकच पाहिला. माझा थोरला मावसभाऊ, आमचा दादा. चारकोपच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळून तो निवृत्त झाला आणि त्याच्यामागोमाग स्टोअर्सही घरी आलं. वहिनीच्या सुकटीच्या बरण्या, गणपतीतल्या आरतीच्या पाळ्या, कुठल्या पाहुण्याला माशाच्या आमटीत तिरफळ चालत नाही, सगळ्याची शीट. आणि शीटवरच, ज्याच्या त्याच्या नावापुढे, रंगीत बटणं. वहिनी म्हणायची, "भावोजी, भाकरी उलटायचंही बटण आहे यांच्याकडे. फक्त भाकरी उलटत नाही."

त्याचं वैर एकाच गोष्टीशी, शीटवर मध्येच खिडकीसारख्या टपकणाऱ्या फॉर्मशी. मी ऑफिसात जन्मभर फॉर्मच भरले. एक प्रश्न, एक उत्तर, पुढे चला. माझ्या डोक्याला झेपतं तेवढंच. दादा खवळायचा. "अरे मेल्या, ती खिडकी उघडली की मागचं झाकलं जातं! आणि झाकलेला माणूस मागेच राहतो." तरी माझ्या लेकीच्या लग्नात मी हट्टाने दादाकडून आमंत्रणांचा फॉर्म करून घेतला. मागच्या यादीतलं नाव वाचायचं, फॉर्ममध्ये भरायचं, 'बोलावलं' दाबायचं. फार रुबाबात दाबलं मी. लग्नाच्या आदल्या दिवशी कळलं की मानखुर्दची माझी सख्खी आत्याच राहिली. तिची ओळ नेमकी खिडकीखाली आली होती. माझी तिच्यासमोर जायची हिंमत होईना. दादा स्वतः मानखुर्दला गेला, माझ्या वतीने तिच्या पाया पडला, तिला घेऊन आला, आणि भर मांडवात मला म्हणाला, "काय रे, खिडकी बंद केलीस ना आता?"

गेल्या वर्षीपासून दादा विसरायला लागला. आधी नावं, मग वार. औषधांची शीट त्याची त्यानेच केलेली, आठवड्याच्या सगळ्या गोळ्या आणि प्रत्येकीपुढे बटण. एका दुपारी वहिनीचा फोन आला. "भावोजी, सकाळची गोळी तीनदा घेतली त्यांनी. आता शीट उघडून नुसते बसलेत. सगळं एकदम समोर आलं ना, की घाबरतात हो."

मग मीच, ज्याने जन्मभर फॉर्म नुसते भरले त्याने, तीन रविवार खपून फॉर्म केला. मोठ्या अक्षरांत एकच प्रश्न, 'सकाळची गोळी घेतली?' खाली दोन बटणं, 'घेतली' आणि 'अजून नाही'. भांडुपहून चारकोपला त्याच्या घरी जाऊन तो त्याच्यापुढे ठेवला. वाटलं, आता हा ओरडणार. ओरडला असता तर बरं झालं असतं.

दादाने शहाण्या मुलासारखं 'घेतली' दाबलं. खिडकीत दुपारच्या गोळीचा प्रश्न आला. मग माझ्याकडे बघून हसला.

"छान केलंत हो. माझा एक मावसभाऊ असतो भांडुपला. त्यालाही असल्या खिडक्यांचा भारी नाद."

वहिनी उठून आत गेली. दादाने माउस धरला, खिडकी हळूच बाजूला सरकवली आणि मागे वाकून बघितलं.

"मागे कोण राहिलं नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. "सगळ्यांना बोलावलंय."