अठरा प्रश्नांच्या सिस्टर

मुलांच्या दवाखान्यातल्या कारकुनाने चूक एकच केली, पण दोनशे प्रतींत केली. ऑपरेशनआधी आईबापांना विचारायची अठरा प्रश्नांची प्रश्नावली पाठपोट असते. याने एकच बाजू छापली. नऊ प्रश्नांखाली जागा उरली नाही, म्हणजे मजकूर संपला असणार, असा त्याचा साधा सरळ हिशोब!

एरवी हे तिथल्या तिथे पकडलं गेलं असतं. प्रश्नावली भरून घेणाऱ्या सिस्टरना अठराही प्रश्न तोंडपाठ, आणि विचारायची तऱ्हा स्वतःची. "नाकातून रक्त येतं का?" म्हटलं की आया हमखास "छे हो!" म्हणतात. म्हणून सिस्टर विचारायच्या, "उशीचे अभ्रे आठवड्यात किती धुता?" की आईला कंठ फुटलाच. मग निळे डाग, हिरड्या, पडलेले दात, सगळं बाहेर यायचं. काही मुलांचं रक्त थांबायला जरा जास्त वेळ घेतं, एरवी मूल टुणटुणीत. ते ऑपरेशनच्या टेबलावर कळण्यापेक्षा बाहेरच्या बाकावर कळलेलं बरं, एवढंच त्यांचं म्हणणं.

पण नेमक्या त्या सकाळी सिस्टर स्वतःची दाढ काढून घ्यायला गेल्या होत्या. टॉन्सिलसाठी आलेल्या सात वर्षांच्या चिमणीच्या बाबांना कारकुनाने कागद दिला. बाबांनी नऊ वेळा 'नाही' लिहिलं. 'हो'ची बेरीज शून्य. अकराला ऑपरेशन.

साडेदहाला सिस्टर हजर. गाल सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा. टेबलावरचा कागद त्यांनी उचलला, उलटला. मागे कोरं!

"हं?" सिस्टर एवढंच म्हणाल्या. कारकुनाने घाईघाईने उरलेला गठ्ठा उलटून पाहिला.

त्या तडक बाबांशेजारी जाऊन बसल्या. बोळा काढून समोर धरला.

"तासाभरात थांबलं बघा माझं. हिचा दात पडला तेव्हा?"

"दोन दिवस चुळा भरत होती," बाबा हसत म्हणाले. "त्यात काय एवढं? आमच्याकडे सगळ्यांचंच असं. बहिणीचं, आईचं. रक्तच उत्साही आहे हो आमचं!"

"आत्याचं तर तीन दिवस!" चिमणीने दाताची फट दाखवत भर घातली.

सिस्टर उठल्या त्या थेट डॉक्टरांच्या दारात. ऑपरेशन पुढे गेलं, रक्त तपासायला गेलं. दोष निघाला, सौम्य, पण होता. तीन आठवड्यांनी आधी औषध देऊन टॉन्सिल काढले, आणि दुसऱ्या दिवशी चिमणी वॉर्डभर हुंदडत होती. आजीलाही तपासायला बोलावलं. "साठ वर्षं कुणी विचारलं नाही, आता बरी आठवण झाली!" म्हणत त्या आल्या, आणि अठराही प्रश्नांची उत्तरं त्यांनी दीड तास दिली.

कारकुनाला मात्र चैन पडेना. दोनशे कोऱ्या पाठींवर त्याने उरलेले नऊ प्रश्न छापून टाकले, तरी मान वर होईना. शेवटी तो सिस्टरपुढे उभा राहिला.

"सिस्टर, चूक माझीच. माफीनामा लिहून देऊ का?"

"दे. पाठपोट."