चहा नंतर चालेल

मला ते काम मिळालं इंग्रजी येतं म्हणून, आणि त्यात मी अडकले जपानी कळतं म्हणून. नव्वदीच्या दशकाचा मध्य होता. नवऱ्याचं संशोधन चालू होतं, म्हणजे घरात तो जवळजवळ नसायचाच. जपानात, फुनाबोरीत तिसऱ्या मजल्यावर आमचं घर, लिफ्ट नाही, मुलगी पहिलीत. पुण्यात असताना मी हौसेने जपानीच्या परीक्षा दिल्या होत्या. त्या हौसेचं पुढे असं जोखड होईल हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. शाळेची चिठ्ठी मी वाचायची, कुठल्या वारी कुठला कचरा ते मी लक्षात ठेवायचं, नवऱ्याच्या पोटात नेमकं कुठे दुखतंय हे डॉक्टरला मी सांगायचं. एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगून संध्याकाळपर्यंत माझा जबडा दुखायला लागे. आणि एवढं कमी होतं म्हणून की काय, मी बाइतो धरला तोही ह्याच कामाचा. बाइतो म्हणजे तासांवरची नोकरी. तिथे शाळकरी पोरांपासून माझ्यासारख्या बायकांपर्यंत सगळे करतात.

जिम्बोचोला जुन्या पुस्तकांच्या दुकानावर दोन खोल्यांचं ऑफिस होतं. छोट्या, स्वतंत्रपणे केलेल्या परदेशी सिनेमांना तिथे जपानी सबटायटल्स करत. अशा सिनेमांबरोबर संवादांचे कागद क्वचितच येत. मी कानाला हेडफोन लावून टेप पुढे-मागे करायची, ऐकलेलं इंग्रजी उतरवायची आणि ऑफिसच्या बाईंना त्याचा अर्थ समजावून द्यायची. बाई साठीच्या, कमी बोलणाऱ्या. माझ्या चार ओळींतून त्या जपानीची एक ओळ काढत, आणि ती नेमकी बसे.

त्या वर्षांत जपान आणि अमेरिका ह्यांच्यातल्या नात्यावरचे सिनेमे एकामागून एक येत. अमेरिकेत वाढलेली नात आजोबांचं गाव शोधत इकडे यायची, नाहीतर इथला कुणी तरुण तिकडे जाऊन गिटार वाजवायचा आणि एकटा पडायचा. मध्येच एक पेटी उघडायची, तिच्यातून किमोनो निघायचा, सगळे गप्प. सुरुवातीला माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. पाचव्या पेटीनंतर मी घड्याळाकडे बघायला लागले. माणूस कशालाही सरावतो, दुसऱ्याच्या दुःखाला तर फारच लवकर.

मग एक टेप आली. कॅलिफोर्नियातल्या एका बाईने आपल्या आजीवर केलेला सिनेमा. आजी लग्न होऊन जपानच्या पश्चिमेकडच्या खेड्यातून तिकडे गेलेली, शेतात राबलेली, युद्धाच्या काळात जपानी म्हणून कुटुंबासकट छावणीत डांबलेली. आजी बोलायची जपानी, नात बोलायची इंग्रजी, आणि मध्ये बसायची नातीची आई. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. त्या आईचा चेहरा मी बघितला आणि मला आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं. दमलेली होती बिचारी. हातांनी मटारच्या शेंगा सोलत होती आणि तोंडाने दोन पिढ्या सांभाळत होती.

शेवटाकडे स्वयंपाकघरातलाच प्रसंग होता. कॅमेऱ्यामागून नात इंग्रजीत विचारते, आजी, अमेरिकेत आल्याचा तुला कधी पश्चात्ताप झाला का? आई क्षणभर थांबते. मग आजीकडे वळून जपानीत म्हणते, चहा टाकू का, विचारतेय. आजी म्हणते, चहा नंतर चालेल. आणि आई कॅमेऱ्याकडे बघून इंग्रजीत सांगते, ती म्हणते, एक दिवससुद्धा नाही.

मी टेप मागे घेतली. पुन्हा ऐकलं. पुन्हा मागे. सिनेमाचं नावच मुळी तेच होतं, ‘एक दिवससुद्धा नाही’. अख्खी इमारत त्या एका वाक्यावर उभी, आणि ते वाक्य आजी बोललीच नव्हती.

बाईंना सांगितलं. त्यांना आजीचं जपानी ऐकू आलं होतं, पण आईचं इंग्रजी माझ्याकडून कळेपर्यंत त्यात काही वावगं आहे हे त्यांना समजायचं कारण नव्हतं. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि मुद्दा एका वाक्यात मांडला. प्रेक्षक जपानी, आजीचं त्यांना थेट कळणार आणि आईचं इंग्रजी आपण खाली लिहून देणार, म्हणजे दिग्दर्शिका सोडून सगळ्या थिएटरला हे कळणार. ती पुढच्या आठवड्यात खेळासाठी येते आहे, त्याआधी तिला सांगायला हवं. आणि इंग्रजी तुम्हाला येतं, असं म्हणून बाईंनी चष्मा पुन्हा चढवला. म्हणजे आलंच माझ्या गळ्यात.

दिग्दर्शिका आली. पस्तिशीची, आखूड केसांची, साधी. मी तिला सोबा, म्हणजे तिथल्या शेवया, खायला नेलं. ऑर्डर मी दिली, माझ्या स्वच्छ जपानीत. वाढणाऱ्या माणसाने उलट प्रश्न विचारला तो तिला. मी उत्तर दिलं, त्याने पुन्हा तिच्याकडेच बघितलं. चेहरा जपानी ना तिचा! ती बिचारी कानापर्यंत लाल झाली, तिला एक शब्द कळत नव्हता. एरवी मला ह्याचा संताप येतो. त्या दिवशी संतापायचंही त्राण नव्हतं.

खाणं झाल्यावर मी सांगितलं. गोड बोलायला मला जमत नाही, जसं होतं तसं सांगितलं. ती वाडग्यात बघत राहिली. मग म्हणाली की सिनेमाचा इंग्रजी तर्जुमा सगळा आईनेच लिहून दिला होता. आजी त्यानंतर वर्षाने गेली, आई मागच्या हिवाळ्यात. विचारायला आता कुणीच उरलेलं नव्हतं. अमेरिकेतल्या खेळांना जपानी येणारी माणसं आली असतील, त्यांना कळलंही असेल, पण कोण बोलतंय?

“आई असं का करेल?” तिने विचारलं.

“दमल्या असतील,” मी म्हटलं. “आपल्याच आईला असला प्रश्न विचारायचा, तोही कॅमेऱ्यासमोर. उत्तर ‘हो’ आलं असतं तर तेही त्यांनाच सांगावं लागलं असतं. वेळ मारून नेली त्यांनी.”

“तुम्ही कधी केलंय असं?”

मी नाही म्हटलं.

ती दोन दिवस ऑफिसला आली नाही. मला वाटलं, गेली, आता खेळ रद्द. मला स्वतःचाच राग आला. कशाला नाक खुपसलं, लिहायचं आणि गप्प बसायचं. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, प्रसंग राहू दे, नावही राहू दे. आई म्हणाली तेच खाली लिहा, एक अक्षर इकडचं तिकडे नको.

शनिवारी दुपारी खेळ होता. पन्नासेक खुर्च्यांचं थिएटर, तळघरात. तो प्रसंग आला तेव्हा तिने माझं मनगट धरलं. आजी म्हणाली, चहा नंतर चालेल. खाली आईचं वाक्य उमटलं. लोक हसले. कुचेष्टेने नाही, घरातल्या माणसाला हसावं तसे. मग हसू थांबलं आणि पुढच्या रांगेतल्या एका आजींनी पिशवीतून रुमाल काढला.

बाहेर पायऱ्यांवर ती मला म्हणाली, “आजी आईकडे बघतच नाहीये. माझ्याकडे बघून म्हणते, चहा नंतर. इतकी वर्षं अमेरिकेत काढलेल्या बाईला एवढं इंग्रजी कळलं नसेल का?”

मला घरी जाऊन भाजी निवडायची होती. तिने वाकून नमस्कार केला, अगदी जपानी पद्धतीने, थोडा चुकीचा. मी ट्रेनमध्ये बसले आणि फुनाबोरीपर्यंत मला त्या सोब्याच्या दुकानातलं माझं ‘नाही’ आठवत राहिलं.

कारण दर रविवारी सकाळी पुण्याहून माझ्या आईचा फोन यायचा. आमच्या फोनला स्पीकरचं बटण होतं, ते दाबून मी मुलीला समोर बसवायची. आई मराठीत विचारायची, मुलगी जपानीत उत्तर द्यायची. मराठी तिला कळायचं सगळं, पण तोंडातून एक शब्द निघायचा नाही. मी आधी चिडून बघितलं, मग लाडाने, मग सोडून दिलं. मध्ये मी होतेच की. मुलगी म्हणायची, आजी सारखं तेच तेच विचारते. मी आईला सांगायची, तुझी आठवण येते म्हणते. मुलगी म्हणायची, मला खेळायला जायचंय. मी सांगायची, तू पाठवलेला फ्रॉक तिला फार आवडला. दोन वर्षं मी हे न अडखळता करत होते. आई खूश, मुलगी मोकळी, आणि माझा रविवार सुखाने पार पडायचा.

खेळाच्या दुसऱ्याच दिवशी फोन आला. आईचा आवाज बारीक झाला होता. गुडघ्यांनी जीव नकोसा केलाय म्हणाली. मग विचारलं, “आमचं सोनं पुण्याला कधी येणार?”

मुलगी जपानीत म्हणाली की उन्हाळ्यात शाळेत पोहणं असतं, तिला यायचं नाही.

आणि मी, आदल्याच दिवशी ते सगळं बघून आलेली मी, तोंड उघडून म्हणाले, “ती म्हणते, सुट्टी लागली की लगेच.”

मुलीने माझ्याकडे बघितलं. मग फोनकडे वाकली.

“मी असं नाही म्हटलं.”

मराठीत. तिचं आजीशी बोललेलं पहिलं मराठी वाक्य. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

“अगं बाई, बोलली!” आई तिकडून म्हणाली. तिचा आवाज एकदम भरून आला. “मग काय म्हणालीस, राजा? तू सांग. आई नको सांगायला.”

मुलगी थांबली. तिला शब्द येत नव्हता. तिने माझ्याकडे बघून दोन्ही हात हवेत मारून दाखवले. मला त्या जागी काहीही सांगता आलं असतं.

“पोहणं,” मी म्हटलं.

“पोहणं,” ती फोनला म्हणाली. “शाळेत. मी नाही येणार.”

मुलगी बटणाकडे बघत वाट पाहत होती. माझे ओठ हलले, पण मी बोलले नाही.

“बरं,” आई म्हणाली. आणि मग, “पाण्यात नाक धरतेस का गं?”

मुलगी विचार करायला लागली.