मागे यायला शिकलेले ओनुफ्री भावजी

ओनुफ्री भावजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. मी युक्रेनमधल्या प्सेल नदीकाठच्या ह्या गावी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई नव्हत्या. त्यामुळे शाळकरी भावजींच्या तुटलेल्या गुंड्यांपासून तापापर्यंत सगळं माझ्याकडेच आलं. मोठेपणी ते गावाचा ट्रॅक्टर चालवायचे. लढाई सुरू झाली आणि ट्रॅक्टरवरून उठून ते रणगाड्यात जाऊन बसले. रणगाडा त्यांच्या जन्माआधीचा, पण त्याची खोड न खोड त्यांना ठाऊक. बिघडला तर कुणाच्याही शेडमध्ये ठोकून-जोडून पुन्हा निघायचा.

मला एकच गोष्ट खुपायची. त्यात तोफगोळे माणसांच्या बुडाखालीच गोल रचलेले असतात. मार बसला की काय होतं ते भावजी सांगायचे नाहीत. मी विचारायचे नाही, देवमातेच्या चित्रापुढच्या दिव्यात तेल घालायचे.

यंदा त्यांच्या तुकडीला परदेशातून मोजके नवे रणगाडे मिळाले. त्यांत गोळे वेगळ्या पोलादी कप्प्यात, दाराआड. पेटले तर आगीचा झोत वरून बाहेर जातो, माणसं वाचतात. भावजींना मात्र त्याचं कौतुक नव्हतं. म्हणाले, एकाच्या किमतीत जुने कितीतरी येतील, आणि रुसला की आगगाडीनं सीमेपार न्यावा लागतो, महिनोन्‌महिने परत येत नाही. हा म्हणजे बड्या घरचा जावई, मान फार आणि कामाला कधीतरी. मला त्याचं एकच काम हवं होतं.

मी फार मागे लागले म्हणून ते शिकायला गेले आणि चार दिवसांची रजा घेऊन परत आले. बिटाचं सार, बोर्श्त, जेवता जेवता सगळं सांगितलं. गोळा डागून माघार घ्या म्हटल्यावर त्यांनी अख्खा रणगाडा गर्रकन फिरवला. जुना उलटा म्हातारीच्या चालीनं सरकतो, म्हणून जुन्यावरचे सगळे वळूनच पळतात. पण जाड पोलाद पुढे असतं, पाठ मऊ. नवा तर तोंड शत्रूकडे ठेवूनच भरधाव मागे येतो. परदेशी मास्तरांनी दुभाष्याकडून विचारलं, पाठ दाखवायची एवढी घाई का? सोमवारी आणखी एक संधी, नाहीतर पुन्हा जुन्यात.

“डोक्याला कळतं हो, वहिनी. हातांना कळत नाही.”

“मग हातांना शिकवू. ट्रॅक्टर आहे ना?”

सूर्यफुलं काढलेल्या शेतात मी टोकाला उभी राहिले, डोक्याचा रुमाल हातात घेऊन. रुमाल हलवला की त्यांनी सरळ मागे यायचं. पहिल्या दिवशी दर वेळी चाक आपोआप वळायचं. शेजारची मोत्र्या कुंपणाला टेकून बघत होती.

“काय गं, दिराला उलट्या चालीचा खेकडा करतेस होय?”

“करते. बिळात तरी परत येईल.”

सोमवारी भावजी पास झाले.

पण नवा रणगाडा बहुतेक झाडाखाली जाळी पांघरूनच राहिला. महागाची वस्तू, साहेबांचा हात धजेना. जुने मात्र रोज पुढे जात. त्यांतले सोबती भावजींना विचारत, दागिना पुसून झाला का? भावजींना लाज वाटायची. मला नाही वाटली, देवापुढे खोटं कशाला बोलू? त्या सोबत्यांची नावं घेऊन प्रार्थना मात्र मी रोज करत होते.

परवा सकाळी नवा बाहेर पडला. दुपारी भावजींचा फोन आला.

“वहिनी, गोळ्यांचा कप्पा पेटला. मागे मागे घेत झाडीपर्यंत आणला. रणगाडा संपला.”

“आणि माणसं?”

“चौघंही इथे चहा पितोय. साहेब डोक्याला हात लावून बसलेत, एवढा महागाचा गेला म्हणून.”

“त्यांना सांगा, याच्यासाठीच महाग होता.”

ते हसले. मग म्हणाले की दुसरा नवा शिल्लक नाही, उद्यापासून जुन्यात. मी बरं म्हटलं.

जुन्यात गोळे यंत्र भरतं, त्यामुळे तिघंच लागतात. गोळे भरणारा चौथा, सावेली, त्याला जागाच नाही, तो मागच्या छावणीत राहील. त्याच्या आईला मी कधी पाहिलेलं नाही. आज देवळात तिच्या वतीनं आभाराची एक मेणबत्ती लावली, आणि शेजारी भावजींची.