बंद रेकॉर्डरची अकरा सेकंदं

व्हिडिओ कापून-जोडून देणारे त्या रस्त्यावर चौघे होते. पण आवाज आणि ओठ यांचं पटेनासं झालं, की चौघेही गिऱ्हाइकाला झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीकडे बोट दाखवत. तिथे जुळवणीवाला बसायचा. त्याची आई जन्मापासून बहिरी. मुलाशी ती नुसते ओठ हलवून बोलायची, त्यामुळे अक्षरओळखीच्या आधी त्याला ओठांची ओळख झाली. इतरांच्या लक्षातही येणार नाही अशी चूक त्याला घासातल्या खड्यासारखी लागायची.

एका सकाळी एक बाई वडिलांना घेऊन आल्या. वडिलांच्या गळ्याभोवती रुमाल, खिशात छोटी वही. त्यांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला होता. घशाचं ऑपरेशन ठरलं, त्यानंतर आवाज राहणार नाही हे कळलं, तेव्हा त्यांनी नातवंडांसाठी चाळीस मिनिटं बोलून ठेवलं होतं. चित्र मोबाईलवर आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर, कारण मोबाईलजवळ पंखा घरघरत होता. कुणीतरी दोन्ही जोडून दिलं. पण सुरुवात बरी, पुढे तोंड मिटलं तरी शब्द येतच राहायचे. मध्यानंतर उलटंच, शब्द आधी आणि तोंड मागून.

"बाबांच्या तोंडून दुसरंच कुणी बोलतंय असं वाटतं," बाई म्हणाल्या.

जुळवणीवाल्याने गुरुजींना पडद्यासमोरची खुर्ची दिली आणि मूळ फाइल मागितली. मोबाईल उजेड बघून कधी सेकंदाला तीस चित्रं घेतो, कधी सत्तावीस. जोडणाऱ्याने सरसकट तीसच्या वेगाने ती पळवली होती, म्हणून चित्र पुढे निघून जायचं. आवाज नुसता मागेपुढे सरकवून हे भागणारं नव्हतं. त्याने प्रत्येक चित्र ज्याच्या त्याच्या वेळेवर बसवलं आणि आवाज लावून पाहिला. गुरुजी नद्यांबद्दल बोलत होते. शब्द ओठांवर अचूक बसले, तशी बाईंनी पदराने डोळे टिपले.

विसाव्या मिनिटाला घोटाळा कळला. पडद्यावरच्या गुरुजींनी हात लांब करून रेकॉर्डर बंद केला. सगळंच थांबलं, असं त्यांना वाटलं असणार. मोबाईल मात्र चालूच होता. बाजूला बसलेल्या बायकोकडे वळून ते अकरा सेकंद काही बोलले आणि पुन्हा बटण दाबलं. तेवढ्या वेळात मोबाईलच्या आवाजात पंख्याच्या घरघरीशिवाय काहीच ऐकू येत नव्हतं.

आई त्यानंतर दोनच महिन्यांत गेली, असं बाई हळूच म्हणाल्या. मग विचारलं, "काय म्हणतायत ते तिला?"

जुळवणीवाल्याने ओठ वाचले होते. हे दोघांमधलं बोलणं, आपण कोण सांगणारे? त्याने माऊसवरचा हात काढला आणि नीट दिसत नाही म्हणून सांगितलं.

गुरुजी त्याच्याकडे बघत होते. त्यांनी वही काढली, लिहिलं आणि त्याच्यापुढे सरकवली. 'तुम्हाला दिसलंय. सांगा तिला.'

त्याने घसा साफ केला. शब्द कमीजास्त होऊ नयेत म्हणून तो तुकडा एकदा पुन्हा पाहिला. मग म्हणाला, "ते म्हणतात, मरायला मी भीत नाही गं. पण लेक घरात आली, की तिला हाक कशी मारू?"

बाई वडिलांचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "काहीही वाजवा, बाबा. मी येईन."

हा तुकडा काढायचा का, असं जुळवणीवाल्याने विचारलं. गुरुजींनी मान हलवून नाही म्हटलं. मग त्याने तेवढी जागा रेकॉर्डरच्या आवाजात मोकळी सोडली, तिथली मोबाईलवरची घरघर कमी केली आणि पुढचं सगळं बोलणं अकरा सेकंदं उशिरा सुरू केलं. दुपारी जेवणाआधी काम झालं. शेवटपर्यंत एक शब्दही ओठ सोडून गेला नाही.

निघताना बाई भराभर जिना उतरल्या. गुरुजी मध्येच दम घ्यायला थांबले आणि त्यांनी कठड्यावर दोनदा टकटक केलं. बाई खालच्या पायरीवरून वळल्या आणि पुन्हा वर चढू लागल्या.